आगोटीआधी माळ्यावरच्या तबकड्या खाली उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की कोकणात कौले परतली जातात, लाकडे पडवीत रचली जातात, आगोटीची बेगमी होते आणि त्याच घाईत माळाही झाडला जातो. माळ्यावरून तांब्यापितळेची भांडी उतरतात, ट्रंका उतरतात आणि पुष्कळ घरांत ग्रामोफोनच्या तबकड्यांचा एक गठ्ठाही उतरतो. मुंबईच्या चाकरमान्याने किंवा बोटीवरच्या माणसाने कधीकाळी हौसेने आणलेला. त्यातली नाट्यपदे कोणीतरी ओळखतो, मास्टर दीनानाथांची किंवा बालगंधर्वांची तबकडी बाजूला ठेवतो. इंग्रजी लेबलांच्या तबकड्या मात्र ‘कुठली तरी इंग्रजी गाणी’ म्हणून भंगाराच्या काट्यावर चढतात. हे पत्र त्या दुसऱ्या ढिगासाठी आहे. त्यात जॅझ, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेले संगीत, असू शकतो, आणि तो याच किनाऱ्यावरच्या माणसांनी वाजवलेला असू शकतो.

तो ओळखू येत नाही, कारण १९३०-४० च्या दशकांतल्या लेबलावर ‘जॅझ’ हा शब्द सहसा छापलेलाच नसतो. गाण्याच्या नावाखाली ‘फॉक्स-ट्रॉट’, ‘स्लो फॉक्स-ट्रॉट’, ‘क्विक-स्टेप’ असा नाचाचा प्रकार लिहिलेला असतो, कारण दुकानात ती नाचाची तबकडी म्हणूनच विकली जाई. ‘विथ व्होकल रिफ्रेन’ असेल तर मध्ये थोडेसे गाणे आहे, बाकी सगळे वाद्यवृंदाचे. तळाशी ‘डम डम’ हे नाव असेल तर तबकडी कोलकात्याच्या कारखान्यात छापलेली. तेवढ्याने संगीत इथले ठरत नाही, कारण लंडन-न्यूयॉर्कची मुद्रणेही डम डमला छापली जात. पण कोलंबियाच्या लेबलावर ‘एफबी’ ही अक्षरे आणि पुढे चाळीस हजारांच्या घरातला क्रमांक दिसला तर ती तबकडी हातची सोडू नका. टेडी वेदरफोर्ड यांच्या कोलकात्यातल्या तबकड्या याच क्रमांकांत आहेत. चिक चॉकलेट, केन मॅक, रूडी कॉटन या मुंबईतल्या वाद्यवृंदप्रमुखांची नावे दिसली तरी तेच.

वेदरफोर्ड हे शिकागोत एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबत बसलेले पियानोवादक. १९२६ मध्ये ते आशियात आले, शांघाय, मुंबई, कोलंबो असे फिरत कोलकात्याला स्थिरावले आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तिथेच पटकीने गेले. अमेरिकेत १९४२ ते १९४४ या काळात वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला होता. त्यामुळे युद्धकाळात कोलकात्यात भरलेल्या या तबकड्यांना जॅझच्या इतिहासात वेगळे मोल आहे. मुंबईत त्याआधीच, १९३५ मध्ये, लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजून गेला होता. त्यांच्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले. या मंडळींच्या शेजारी बसून जे इथले वादक तयार झाले त्यांत मोठा भरणा गोव्याचा. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, बार्देशातल्या हळदोण्याचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. कागदावरचे पाहून तत्काळ वाजवणारा वादक मुंबईच्या हॉटेलांना आणि सिनेमाच्या स्टुडिओंना हवाच होता. हिंदी चित्रपटसंगीतातली ट्रम्पेट-सॅक्सोफोनची कितीतरी वळणे त्या हातांतून आली. म्हणून फॉक्स-ट्रॉटची तबकडी परकी समजून टाकणे म्हणजे आपल्याच शेजारघरचा दस्तऐवज टाकणे होय.

या तबकड्या ऐकायच्या कशा, हेही सांगायला हवे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटे. मिनिटाला १६० मात्रांची लय धरली तर चार-चार मात्रांच्या बत्तीस मापांचे एक आवर्तन, म्हणजे १२८ मात्रा, ४८ सेकंदांत संपते. तीनतालाची आठ आवर्तने समजा. तीन मिनिटांत अशी पावणेचारच बसतात. पहिल्यात सगळा वृंद मूळ चाल मांडतो, दुसऱ्यात गायक किंवा एखादे वाद्य, तिसऱ्यात आठ-आठ किंवा सोळा मापांच्या जागा वाटून घेतलेल्या, आणि शेवटी पुन्हा सगळे मिळून. आवर्तनाचे चार भाग असतात. पहिला, दुसरा, चौथा एकाच चालीचे आणि तिसरा वेगळा, आपल्या अंतऱ्यासारखा. तो तिसरा भाग कानाने पकडता आला की तबकडी उलगडते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत राग उभा केला तो याच सक्तीतून. आठ मापांत आपले सगळे म्हणणे मांडणारा ट्रम्पेटवाला त्याच कष्टाचा धनी आहे. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लांब वाजणारी तबकडी, आली आणि वादकाला एका बाजूला वीस मिनिटे मिळाली, पण आधीची शिस्त या काळ्या थाळ्यांतच ऐकायला मिळते.

आता प्रत्यक्ष काम. आधी तबकडी कशाची आहे ते पाहा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी बहुधा लाखेची असते: लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी. बोटाच्या पेराने कडेला हलके वाजवली की कौलासारखी खणखणते. एलपी आणि ४५ ची तबकडी प्लास्टिकची, तिचा आवाज बोदा येतो. तिसरा प्रकार क्वचित सापडतो: मधल्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम चमकते आणि वर काळ्या लाकरचा, म्हणजे रोगणाचा, थर असतो. त्यावर कधी पांढरा तेलकट थर येतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण ते थरातूनच बाहेर आलेले आम्ल असते. अशी तबकडी धुऊ नका, वाजवू नका, कोरड्या पाकिटात घालून जाणकाराकडे द्या. तिची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

लाखेच्या तबकडीला मद्यार्क लावू नये. स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा फवारा, ओले टिश्यू, या सगळ्यांनी लाख विरघळते. सुतार फ्रेंच पॉलिश करतो ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. एकदा पुसले की खाचांच्या कडा गेल्या, त्या परत येत नाहीत. खोबरेल लावून ‘चमक’ आणायचीही पद्धत काही घरांत आहे. तेल खाचेत बसते, धूळ धरते आणि बुरशीला खाद्य होते. रिठ्याचे पाणी पैठणीला ठीक, तबकडीला नको, कारण त्याचाही वनस्पतीजन्य गाळ मागे राहतो.

बुरशी असेल तर ती आधी कोरडीच काढा. तोंडाला मास्क लावून, पडवीत नव्हे तर अंगणात, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने झाडा. जुने कागदी पाकीट जपण्यासारखे असेल तर वेगळे वाळवा, नाहीतर जाळून टाका. तेच पाकीट परत घातले तर आठ दिवसांत बुरशी पुन्हा हजर. वेळ सकाळी नऊ ते अकराची बरी, खारे वारे जोर धरण्याआधीची. खरे तर या कामाचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे, पण माळा मेमध्ये झाडला जातो तर मेमध्ये करा. पावसात मात्र धुवायला काढू नका, तबकडी वाळतच नाही.

धुवायला पाणी डिस्टिल्ड हवे. विहिरीच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर खाचेत दाणे होऊन बसतात आणि सुई त्यावरून कडकडत जाते. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळते ते पाणी चालते, फक्त ते आम्ल नाही, पाणीच आहे, हे बाटलीवर वाचून घ्या. एक लिटर पाण्यात फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये वापरतात त्या ओलावा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन-तीन थेंब. तो न मिळाल्यास बिनवासाच्या, बिनरंगाच्या सौम्य साबणद्रवाचे तेवढेच थेंब. जास्त घातल्यास फेस होतो आणि फेसाचा थर मागे राहतो. लेबल झाकायला प्लास्टिकची चकती किंवा डब्याचे झाकण धरा, कारण जुन्या लेबलांची शाई पाण्याने पसरते. जुना टॉवेल अंथरून तबकडी त्यावर ठेवा, मऊ केसांच्या ब्रशने गोलाकार, खाचेबरोबर, तीन-चार फेरे. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपा, घासू नका. वाळवायला घरातले ताटाळे उत्तम: तबकड्या उभ्या, एकमेकींना न टेकता, सावलीत दोन-तीन तास. लाखेची तबकडी पाण्यात भिजत ठेवायची नाही. आतली भर पाणी शोषून फुगते. तडा गेलेली तर धुवायचीच नाही. पाणी तड्यात शिरते आणि त्याच रेषेवर ती उकलते. एलपीच्या बाबतीत थोडी सूट आहे. पाण्यात दहा टक्क्यांपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल घातले तर चालते, तेल-बोटांचे डाग त्याने निघतात.

तुटलेली तबकडी टाकू नका. सगळे तुकडे एका पाकिटात ठेवा, चिकटपट्टी किंवा गोंद लावू नका. ध्वनिमुद्रण दुरुस्त करणारे तुकडे जुळवून त्यातून आवाज काढू शकतात, पण गोंदाने भरलेल्या खाचेतून नाही.

कोकणातला तबकडीचा खरा शत्रू वय नाही, ओल आहे. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८५ च्या आसपास असते. चाळीस ते पन्नास टक्के हे तबकड्यांना मानवणारे प्रमाण. चार महिने संपूर्ण खोली तशी ठेवायची तर ओल खेचणारे यंत्र अखंड चालावे लागते आणि पावसात वीज जाते. म्हणून घरगुती संग्रहाला घट्ट झाकणाचा, रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा हाच खात्रीचा उपाय. आत एलपी उभ्या मावतील एवढा, म्हणजे आतून किमान ३३ सेंटिमीटर उंच.

डबा बंद करण्याआधी एक हिशेब करा. चाळीस एलपींच्या पुठ्ठ्यांचे वजन अडीच-तीन किलो असते. पावसाळी हवेत राहिलेल्या पुठ्ठ्यात पन्नास टक्क्यांच्या हवेतल्यापेक्षा पाच-सहा टक्के पाणी जास्त असते, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. हे सगळे पाणी तुम्ही डब्यात कोंडत असता. लोक चिमूटभर सिलिका जेलची पुडी टाकतात, झाकण लावतात आणि श्रावणात उघडून पाहतात तर आत पांढरी बुरशी. सिलिका जेल आपल्या वजनाच्या पाव भाग पाणी ओढते असे धरले तर सहाशे-सातशे ग्रॅम लागते, म्हणून हाताशी पाऊण ते एक किलो हवे. अर्ध्या किलोच्या दोन कापडी पिशव्या भरा, एक खाली, एक वर. पहिले तीन-चार दिवस रोज रंग पाहा, बदलला की भाजून परत घाला. नंतर महिन्यातून एकदा पुरते. भाजायचे म्हणजे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. निळे दाणे गुलाबी होतात त्यात कोबाल्ट असते, ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका. नारिंगीचे हिरवे होणारे दाणे घ्या. तांदळाची पुरचुंडी या कामी निरुपयोगी, वर तिला सोंडे होतात.

आर्द्रता मोजायचा छोटा मापक काही शे रुपयांत मिळतो, पण तो खरे दाखवतो का हे तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ घालून पाण्याच्या थेंबांनी ओल्या वाळूसारखे करा. बूच आणि मापक एका घट्ट डब्यात आठ-दहा तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ८० दाखवला तर तुमचा मापक पाचने जास्त दाखवतो, तेवढे वजा करा. इथे मिठागरातले खडे मीठ वापरायचे नाही, ही आपल्याकडे हमखास होणारी चूक. खडे मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतून जास्त पाणी ओढतात आणि डब्यातली आर्द्रता ७५ च्या खाली राहते. पाकिटातले शुद्ध मीठ घ्या, मात्र त्यात दाणे सुटे राहण्यासाठी काही घातलेले नसेल तर उत्तम.

डबा कुठे ठेवायचा? माळ्यावर नाही. कौलांखाली मेमध्ये जी उष्णता साठते तिने एलपी वाकते. पडवीत नाही, तिथे झड येते. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून तिला टेकवून नाही. माजघरात, आतल्या भिंतीपासून वीतभर सुटा, जमिनीपासून फूटभर वर. तबकड्या नेहमी सरळ उभ्या. तिरक्या ठेवल्या की एलपीला बाक येतो, आडव्या रचल्या की खालच्या लाखेच्या तबकडीला तडा जातो. शंभर एलपी पंचवीस किलोंच्या आसपास भरतात, तेव्हा फळी जाड हवी आणि दर वीतभर अंतरावर आडवी आधाराची पट्टी हवी. आतले पाकीट पॉलिथीनचे घ्या. मऊ पारदर्शक पीव्हीसीचे नको, ते उष्ण-दमट हवेत तबकडीला चिकटते आणि तिच्यावर धुरकट छाप सोडते. डांबराच्या गोळ्या डब्यात घालू नका. कसर आणि झुरळांसाठी कपाटाबाहेर बंदोबस्त करा.

वाजवण्याबद्दल. घरात जुना प्लेअर असेल आणि तो अगदी क्षीण आवाज देत असेल तर बहुतेक वेळा दोष ॲम्प्लिफायरचा नसतो. त्या काळच्या कित्येक कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणाऱ्या भागात, रोशेल सॉल्टचा स्फटिक असे. तो ओल शोषतो आणि अक्षरशः विरघळतो. कोरड्या हवेत टिकणारा स्फटिक किनाऱ्यावरच्या बंद घरात काही पावसाळ्यांत जातो. त्याच मापाचे सिरॅमिक कार्ट्रिज बसवा, त्याला ओलीचे भय नाही. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये सुई उलटवायची छोटी कळ असते: एका बाजूला ७८, दुसऱ्या बाजूला एलपी. ७८ च्या सुईचे टोक साधारण ७५ मायक्रॉन, स्टिरिओ एलपीचे १८. बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत घातली तर ती तळाशी घरंगळते आणि खरखरच ऐकू येते. उलट केले तर एलपीच्या खाचेचे काठ कायमचे फाटतात. त्या प्लेअरमधली सुई बहुधा नीलमण्याची असते, ती शंभर तासही धड टिकत नाही. हिऱ्याची पाचशे ते हजार तास. झिजलेल्या सुईने वाजवणे म्हणजे छिन्नीने वाजवणे.

वेग तपासायला यंत्र नको. तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावा आणि मोजा: ३३⅓ वर तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे, ७८ वर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. फेरे कमी पडले तर थाळी उचला, मधल्या दांड्यावरचे चिकटलेले जुने ग्रीस पुसून काढा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घाला. आतले रबरी चाक टणक झाले असेल तर घरघर येते, ते बदलावेच लागते. पट्टा असलेल्या प्लेअरमध्ये पट्टा आपल्याकडे डांबरासारखा वितळतो, तेव्हा जास्तीचा एक जवळ ठेवा. बोटीवरच्या माणसांनी आणलेल्या अमेरिकी प्लेअरची तऱ्हा वेगळी. त्याला ट्रान्सफॉर्मर लावला की ११० व्होल्टची अडचण सुटते, पण मोटर ६० हर्ट्झची असते. आपल्या ५० हर्ट्झवर ती पाच-षष्ठांश वेगाने फिरते, ३३ ची थाळी २८ ही गाठत नाही आणि सगळे संगीत दीड स्वराने उतरते. मोटरच्या टोकावरची पुली बदलणे हाच त्यावर इलाज.

नवा प्लेअर आणि मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर त्यातून फक्त चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, शिवाय एलपी भरताना खर्ज कमी करून आणि तार वाढवून भरलेली असते. हा क्षीण आवाज वाढवून तो तोल पूर्ववत करणारी पेटी, म्हणजे फोनो-प्रीॲम्प, मध्ये न लावता थेट जोडले की आवाज चिरका आणि बारीक येतो, आणि लोक म्हणतात एलपी बिघडली. एचएमव्ही-कोलंबियाच्या जुन्या ७८ मध्ये तार वाढवून भरत नसत, म्हणून त्या याच प्रीॲम्पमधून दबलेल्या वाटतात. तिथे ट्रेबल उघडा. आणि मोनोचे बटण दाबा. खाचेतल्या उभ्या हालचालीचा गोंगाट दोन्ही बाजू एकत्र झाल्या की परस्पर वजा होतो, खरखर ठळकपणे उतरते.

किल्लीच्या ग्रामोफोनवर ७८ वाजवायची असेल तर पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी. लाखेतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांतच पिनेला खाचेच्या आकारात घासते, बाजू संपेपर्यंत तिला धारदार खांदे येतात. तीच पिन दुसऱ्या बाजूला लावली की ते खांदे खाच कापतात. पितळी कर्ण्याचे ‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे बरेच ग्रामोफोन निरनिराळ्या सुट्या भागांतून अलीकडेच जोडलेले असतात. त्यांच्या जड हाताखाली चांगली तबकडी कधी ठेवू नका. एलपी तर कोणत्याही किल्लीच्या यंत्रावर नाही.

एकदा तरी संगणकावर उतरवून घ्या. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. मोनोची तीन मिनिटांची बाजू साधारण पन्नास एमबी होते, शंभर बाजू पाच जीबीत मावतात. मूळ फाइलवर खरखर काढायची प्रक्रिया करू नका, ती प्रतीवर करा. ७८ च्या तबकड्या नेमक्या ७८ वरच भरलेल्या असतील असे नाही. जॅझच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन काळी पाचची वाद्ये, आल्टो काळी दोनचे. म्हणून हे वाद्यवृंद काळी पाच, काळी दोन, पांढरी चार, काळी चार अशा पट्ट्यांत रमतात. पेटीवर ताडून पाहिले आणि पट्टी पांढरी सात किंवा पांढरी तीन निघाली तर वेग चुकला असण्याचीच शक्यता. अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. कायद्याचे म्हणाल तर भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. मूळ रचनेचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत.

ज्यांना नव्याने तबकड्या घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी मुंबईत चोरबाजार आहे. काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. बाजारात तबकडी तिरप्या उजेडात धरा. काळी चमक असेल तर बरी, खाचा राखाडी दिसल्या तर पोलादी पिनेने खाल्लेली, धुऊन काही उपयोग नाही. कडेला पेराने वाजवा. खणखण न येता फटफट आली तर कुठेतरी तडा आहे. कॉन्सर्टच्या जागांपैकी धोबीतलावचे रंगभवन, जिथे १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, शांतता क्षेत्राच्या नियमाने गप्प झाले. चर्चगेटच्या रस्त्यावरच्या ज्या रेस्तराँत एकेकाळी संध्याकाळी वाद्यवृंद बसत, तिथे आता तसे काही नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात. सिंधुदुर्गातल्या रसिकाला मात्र मुंबईपेक्षा पणजी जवळ: कांपालची कला अकादमी, चार्ल्स कोरियांनी मांडवीच्या काठावर बांधलेली, पाहावी आणि तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे. रेल्वेने जाणाऱ्याने म्हापशासाठी थिवी, पणजीसाठी करमळी. साळगावच्या गायिका लॉर्ना आणि मडगावचे संगीतकार क्रिस पेरी यांच्या कोकणी ४५ च्या तबकड्या कुठे दिसल्या तर जरूर घ्या. त्यातले ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये, ऐका, ताज आणि चर्चगेटचा सगळा रियाज त्यात आहे.

संपादक महोदय, शेवटी आपल्या दैनिकामार्फत एक मागणी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. पुस्तके पावसातून वाचवण्याचा एवढा अनुभव कोकणात दुसऱ्या कोणाकडे नाही. अशा जुन्या ग्रंथालयांनी प्रत्येकी एक कपाट आणि एक खोली तबकड्यांना द्यावी. खोली वरच्या मजल्यावरच हवी. २००५ आणि २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीने चिपळूणमध्ये काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. सामान फार नाही: तीन वेगांचा प्लेअर, ७८ आणि एलपीच्या वेगळ्या सुया, फोनो-प्रीॲम्प, दोन स्पीकर, दिवसाला दहा-बारा लिटर पाणी खेचणारे यंत्र आणि वीज जाईल तेव्हासाठी वर सांगितलेले डबे. महिन्यातून एक संध्याकाळ, दहा बाजू, प्रत्येक बाजूआधी लेबल मोठ्याने वाचायचे. एवढ्यावर श्रवणमंडळ उभे राहते.

प्लेअर येईपर्यंत निदान नोंदवही सुरू व्हावी. तबकडी कोणाच्या घरातून आली, कंपनी, लेबलाचा क्रमांक, लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला मुद्रणक्रमांक, दोन्ही बाजूंची नावे, वादक, नाचाचा प्रकार, तडा आहे का. लेबलाचा क्रमांक नव्या आवृत्तीत बदलतो, कोरलेला मुद्रणक्रमांक बदलत नाही. म्हणून तो भिंगातून, तिरप्या उजेडात वाचून जसाच्या तसा उतरवावा, शेवटच्या आकड्यासकट. तो आकडा बहुधा कितव्या वेळी वाजवलेले मुद्रण पसंत केले ते सांगतो. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा त्यांच्या घरच्या तबकड्यांची विचारणा करता येईल. पण माळे आत्ता झाडले जात आहेत, तेव्हा भंगारवाल्याच्या आधी वाचनालयाला कळवा, असे आवाहन या आठवड्यातच छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक जॅझप्रेमी वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग